आतड्यात लपलेले जठर

लहान मुलाला शौचावाटे रक्त गेले की घरातली माणसे घाबरतात. बहुतेक वेळा कारण साधे निघते. मलावरोधामुळे गुदद्वाराशी चीर पडलेली असते किंवा आव झालेली असते. चीर डोळ्यांना दिसते आणि आवेचे निदान मलाच्या तपासणीत होते. परंतु काही थोड्या मुलांच्या बाबतीत निराळाच प्रकार घडतो. मूल नेहमीसारखे खेळत असते, पोटात दुखत नाही, ताप नाही आणि अचानक विटकरी किंवा काळपट लाल रंगाचे बरेचसे रक्त जाते. एकदोन दिवसांत ते आपोआप थांबते. घरच्यांना हायसे वाटते आणि काही आठवड्यांनी तेच पुन्हा घडते. मूल पांढरेफटक पडते, प्रसंगी रक्त भरावे लागते. रक्त जाते हे सर्वांना दिसते, पण ते कोठून येते हे कोणालाच दिसत नाही.

अशा मुलांमध्ये रक्तस्रावाची जागा शोधण्याची एक युक्ती १९७० सालापासून वापरात आहे. भ्रूणशास्त्र, रसायनशास्त्र आणि अणुभौतिकी या तिन्ही विषयांचे धागे तिच्यात एकत्र आलेले आहेत. ती युक्ती कोणती आणि तिच्यावर किती विसंबावे, ते या लेखात पाहू या.

मधला अंधारा मुलूख

रक्त कोठून आले याचा पहिला अंदाज रंगावरून करतात. जठरातून आलेले रक्त लांबचा प्रवास करून येते. वाटेत त्यातील हिमोग्लोबिनमध्ये बदल होतात आणि मल डांबरासारखा काळा व चिकट होतो. गुदद्वाराजवळचे रक्त ताजे, लालभडक असते. विटकरी रंग मधल्या कोठल्या तरी जागेकडे बोट दाखवतो. अर्थात हा केवळ अंदाज होय. रक्तस्राव जोराचा असेल तर वरचे रक्तही लालच दिसते.

यानंतर दुर्बिणीची पाळी येते. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचते. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण सबंध मोठे आतडे पाहते आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात थोडीशी डोकावते. मध्ये उरतो तो लहान आतड्याचा वेटोळ्यांचा भाग. मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते आणि नवजात बालकाचेही अडीच-तीन मीटर भरते. गिळता येईल असा कॅमेरा २००१ पासून उपलब्ध आहे. परंतु त्याची कुपी सुमारे २६ मिलिमीटर लांब व ११ मिलिमीटर जाड असते. दोन वर्षांचे मूल ती कशी गिळणार?

मुलांमध्ये अशा वेदनारहित रक्तस्रावाचे एक महत्त्वाचे कारण नेमके या मधल्या मुलखातच दडलेले असते. ते समजण्यासाठी आपल्याला गर्भावस्थेत जावे लागेल.

न बुजलेली वाट

कोंबडीच्या अंड्यातील पिलू बलकावर वाढते, हे आपण वर्गात शिकवतो. हा बलक एका पिशवीत असतो आणि एका नळीने ती पिशवी पिलाच्या आतड्याला जोडलेली असते. माणसाच्या गर्भातही सुरुवातीला अशीच एक पिशवी व तिला आतड्याशी जोडणारी नळी असते. पुढे पोषणाचे काम वारेकडे जाते. मग या नळीची गरज संपते आणि गर्भावस्थेच्या साधारण सातव्या आठवड्याच्या सुमारास ती बुजून नाहीशी होते.

काही जणांत मात्र ती पूर्ण बुजत नाही. बेंबीकडचे टोक नाहीसे होते आणि आतड्याकडचे टोक एखाद्या लहान खिशासारखे शिल्लक राहते. १५९८ साली फाब्रिशियस हिल्डानस या जर्मन शल्यविशारदाने असा खिसा पाहिल्याची नोंद आहे. तो गर्भातील नळीचा अवशेष आहे, हे १८०९ साली हाले येथील शरीररचनाशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिख मेकेल याने दाखवून दिले. म्हणून त्याला मेकेलचा डायव्हर्टिक्युलम असे नाव मिळाले. आपण त्याला ‘मेकेलची पिशवी’ म्हणू.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना या पिशवीची माहिती ‘दोनच्या नियमा’ने शिकवतात. ती सुमारे २ टक्के लोकांत असते. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तेथून साधारण २ फुटांच्या आत असते. लांबी सुमारे २ इंच असते. लक्षणे दिसलीच तर पुष्कळदा वयाच्या २ वर्षांच्या आत दिसतात, आणि मुलींच्या मानाने मुलग्यांत ती सुमारे दुप्पट आढळतात. हे आकडे लक्षात ठेवण्याच्या सोयीचे आहेत, काटेकोर मापे नव्हेत. तरी त्यांवरून एक कल्पना येते. ५० मुलांच्या वर्गात सरासरीने एका मुलाच्या पोटात ही पिशवी असते आणि त्यांतील बहुतेकांना ती जन्मभर काहीही त्रास देत नाही.

चुकीच्या जागी आम्ल

मग काहींनाच त्रास का होतो? गर्भातील या नळीच्या पेशींमध्ये निरनिराळी रूपे घेण्याची क्षमता असते. त्यामुळे काही पिशव्यांच्या आतले अस्तर आतड्याचे न राहता जठराचे बनते. जठराचे अस्तर जठराचेच काम करणार. ते तेथे हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवू लागते.

जठरात आम्ल चालते, कारण तेथे श्लेष्माचा जाड थर भिंतीचे रक्षण करतो. लहान आतड्याच्या या खालच्या भागात तशी तटबंदी नसते. पिशवीतून झिरपणारे आम्ल शेजारच्या नाजूक भिंतीवर पडत राहते, तेथे व्रण होतो, व्रण खोल जाऊन एखादी रक्तवाहिनी उघडी पडते आणि रक्त वाहू लागते. या भागात पोटात फारशी कळ येत नाही. म्हणूनच मूल खेळता खेळता रक्त गमावते. दुखत नाही म्हणून विशेष काही नसेल, असे समजणे येथे घातक ठरते.

आकार सापडत नाही, तर काम शोधा

ही पिशवी साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. बेरियम पाजून एक्स-रे काढला तरी बेरियम बहुधा तिच्या तोंडावरून पुढे निघून जाते. सोनोग्राफीत आतड्यातील वायू आड येतो. सी. टी. स्कॅनमध्येही ती आतड्याच्या एखाद्या वेटोळ्यासारखीच दिसू शकते. या सर्व तपासण्या आकार पाहतात, आणि अडचण अशी की आतड्याच्या गर्दीत या पिशवीला स्वतःचा असा वेगळा आकार नाही.

तिचे वेगळेपण तिच्या कामात आहे. तेव्हा प्रश्न बदलून विचारायचा. ‘पिशवी कोठे आहे?’ असे न विचारता ‘जठराचे काम पोटात आणखी कोठे चालू आहे?’ असे विचारायचे.

हा प्रश्न शरीराला विचारण्याचे साधन म्हणजे परटेक्नेटेट हा आयन. टेक्नेशियमचा एक अणू व ऑक्सिजनचे चार अणू मिळून तो बनतो. त्याचा आकार व विद्युत्भार आयोडाइड आयनाशी मिळताजुळता असल्यामुळे शरीर त्याला आयोडाइडसारखेच वागवते. अवटू ग्रंथी, लाळग्रंथी आणि जठराच्या अस्तरातील श्लेष्म स्रवणाऱ्या पेशी त्याला रक्तातून उचलून घेतात. आतड्याच्या नेहमीच्या अस्तरात हा गुण नाही. शिरेतून परटेक्नेटेट टोचल्यावर ते जठरात साठते आणि पिशवीत जठराचे अस्तर असेल तर तेथेही साठते. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. आम्ल तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि परटेक्नेटेट उचलणाऱ्या वेगळ्या. परंतु दोघी एकाच अस्तरात नांदतात, त्यामुळे एकीचा पत्ता लागला की दुसरीचा लागतो.

आवर्त सारणीतील रिकामे घर

हा आयन दिसावा कसा? त्यासाठी टेक्नेशियमचाच गुणधर्म उपयोगी पडतो. मेंडेलेव्हच्या आवर्त सारणीत ४३ क्रमांकाचे घर बरीच वर्षे रिकामे होते. अमेरिकेतील बर्कले येथील सायक्लोट्रॉनमध्ये भडिमार सोसलेला मॉलिब्डेनमचा एक तुकडा इटलीतील पालेर्मो येथे गेला. १९३७ साली कार्लो पेरियर व एमिलिओ सेग्रे यांनी त्यातून हे मूलद्रव्य वेगळे केले. माणसाने कृत्रिम रीतीने मिळवलेले हे पहिले मूलद्रव्य. टेक्नेशियम या नावाचा अर्थही ‘कृत्रिम’ असाच आहे. पुढच्याच वर्षी सेग्रे आणि ग्लेन सीबॉर्ग यांना त्याचे टेक्नेशियम-९९एम हे रूप सापडले.

या रूपातील अणुकेंद्र क्षुब्ध अवस्थेत असते आणि शांत होताना १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण सोडते. हा किरण शरीराबाहेर पडू शकतो आणि बाहेर ठेवलेल्या स्फटिकात अडवताही येतो. याचे अर्धायुष्य ६ तासांचे असते. म्हणजे तपासणीला पुरेसा वेळ मिळतो आणि २४ तासांनी किरणोत्सर्ग सोळाव्या हिश्शावर आलेला असतो. मुलाला द्यावयाच्या मात्रेत या टेक्नेशियमचे वजन एका ग्रॅमचा अब्जावा भागसुद्धा भरत नाही. वर्षभरात निसर्गाकडून आपल्याला किरणोत्सर्गाची जेवढी मात्रा सहज मिळते, त्याच पट्टीतली मात्रा या तपासणीत मिळते. ती शून्य नाही, म्हणून कारणावाचून ही तपासणी करत नाहीत.

६ तासांत निम्मा होणारा पदार्थ दूरच्या गावी न्यावा कसा? यावर अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस तोड निघाली. टेक्नेशियम न पाठवता त्याचा जनक मॉलिब्डेनम-९९ पाठवायचा. त्याचे अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे पावणेतीन दिवस. शिशाच्या आवरणातील एका छोट्या स्तंभात अॅल्युमिनावर मॉलिब्डेनम घट्ट बसलेले असते. त्यापासून टेक्नेशियम तयार होत राहते. वरून सलाइन सोडले की परटेक्नेटेट तेवढे विरघळून खाली येते आणि मॉलिब्डेनम जागेवर राहते. रोज सकाळी धार काढावी तसे हे चालते, म्हणून या जनित्राला तंत्रज्ञ गमतीने ‘गाय’ म्हणतात. आठवडाभरात मॉलिब्डेनम सुमारे एक षष्ठांश उरते. ही गाय आटत जाते आणि मग नवी आणावी लागते.

आपल्याकडे तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात समस्थानिकांवर काम चालते आणि नवी मुंबईत वाशी येथील ‘ब्रिट’ ही संस्था टेक्नेशियमची जनित्रे रुग्णालयांना पुरवते. मुंबईत परळ येथे या केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे.

चित्र उमटते कसे?

बर्कलेच्याच हॅल अँगर यांनी १९५०च्या दशकात गॅमा कॅमेरा तयार केला. गॅमा किरण भिंगाने एकवटता येत नाहीत. म्हणून कॅमेऱ्यापुढे हजारो बारीक समांतर भोके असलेली शिशाची जाळी लावतात. सरळ येणारा किरण भोकातून आत जातो, तिरका येणारा शिशात अडकतो. जाळीमागे सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक असतो. किरण त्यावर पडला की अगदी क्षीण प्रकाश चमकतो. मागच्या प्रकाशगुणक नळ्यांपैकी कोणाला तो जास्त दिसला आणि कोणाला कमी, यावरून चमक नेमकी कोठे झाली ते ठरते. अशा लक्षावधी ठिपक्यांचे चित्र बनते.

मुलाला तीन-चार तास उपाशी ठेवतात, शिरेतून औषध देतात आणि कॅमेऱ्याखाली अर्धा ते एक तास निजवतात. सुईपलीकडे वेदना नसते, पण स्थिर राहणे महत्त्वाचे असते. पडद्यावर प्रथम रक्तवाहिन्या दिसतात, मग हळूहळू जठर उजळते. मेकेलच्या पिशवीत जठराचे अस्तर असेल, तर बहुधा पोटाच्या उजव्या बाजूस खाली एक लहान ठिपका उमटतो. तो जठराच्या बरोबरीनेच उजळू लागतो आणि त्याच्याच चालीने गडद होत जातो. ही बरोबरी हीच त्याची खूण. टेक्नेशियम लघवीतूनही बाहेर पडते, त्यामुळे मूत्रवाहिनीत थांबलेला थेंबही ठिपक्यासारखा दिसू शकतो. मात्र तो हलतो किंवा नाहीसा होतो. भरलेले मूत्राशय ठिपका झाकू शकते, म्हणून मुलाला लघवी करवून पुन्हा चित्र घेतात.

तपासण्यांच्या क्रमालाही महत्त्व आहे. आधी बेरियम पाजलेले असेल तर ते गॅमा किरण अडवते. म्हणून ही तपासणी बेरियमच्या आधी करतात. रक्तपेशींना टेक्नेशियम चिकटवून वाहते रक्त शोधण्याचीही एक पद्धत आहे. तिच्यात कथिलाचे संयुग वापरतात. ते रक्तात राहिले असताना परटेक्नेटेट दिले, तर ते जठराकडे न जाता रक्तपेशींनाच चिकटते. आम्ल कमी करणारी काही औषधे आधी दिल्यास अस्तराने उचललेले टेक्नेशियम आतड्यात लवकर सांडत नाही आणि ठिपका अधिक स्पष्ट होतो.

रिकाम्या चित्राचा अर्थ

ही तपासणी रक्त दाखवत नाही. त्यामुळे रक्तस्राव थांबलेला असतानाही ती करता येते, हा तिचा मोठा फायदा. पण तिची मर्यादाही यातच आहे. पिशवीत जठराचे अस्तर नसेल किंवा अगदी थोडे असेल, तर ठिपका उमटणार नाही. जोराच्या रक्तस्रावात टेक्नेशियम वाहून गेले तरीही तो दिसणार नाही. उलट सुजलेले आतडे किंवा आतड्यात शिरलेले आतडे अशा ठिकाणी रक्तपुरवठा वाढलेला असल्याने फसवा ठिपका दिसू शकतो.

मुलांमध्ये या तपासणीची संवेदनक्षमता सुमारे ८५ टक्के व विशिष्टता सुमारे ९५ टक्के मानली जाते. प्रौढांत संवेदनक्षमता बरीच कमी असते. या आकड्यांचा अर्थ वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एका कल्पित उदाहरणाने सांगता येईल. वेदनारहित रक्तस्राव झालेली २०० मुले घेऊ. त्यांपैकी १०० जणांत रक्तस्रावाचे कारण ही पिशवी आहे व १०० जणांत दुसरे काही आहे, असे धरू. पहिल्या शंभरांतील ८५ जणांत ठिपका दिसेल आणि दुसऱ्या शंभरांतील ५ जणांत तो फसवा दिसेल. म्हणजे ठिपका दिसलेल्या ९० मुलांपैकी ८५ जणांत तो खरा असेल. आता रिकामी चित्रे पाहा. ती १५ अधिक ९५, म्हणजे ११० भरतील, आणि त्यांतील १५ मुलांत पिशवी असूनही ती दिसलेली नसेल.

म्हणून ‘स्कॅन चांगला आला’ हे वाक्य जपून वापरावे. रिकामे चित्र म्हणजे ‘पिशवी नाही’ असे नव्हे, तर ‘या प्रश्नाला या वेळी उत्तर मिळाले नाही’ असे समजावे. लक्षणे पटण्याजोगी असतील तर डॉक्टर औषधाची तयारी करून तपासणी पुन्हा करतात, किंवा पोटाला लहान छिद्र पाडून दुर्बिणीने थेट आतडे पाहतात. पिशवी सापडली की ती काढून टाकतात, गरज पडल्यास शेजारच्या आतड्याचा व्रण झालेला तुकडाही काढतात, आणि या पिशवीमुळे होणारा रक्तस्राव कायमचा थांबतो.

मग निरोगी मुलांचीही तपासणी का करू नये? पुन्हा गणितच करू. अशा १००० मुलांपैकी २० जणांत पिशवी असेल. त्यांतील फार तर १७ जणांत ठिपका दिसेल. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण त्रास न देणाऱ्या पुष्कळ पिशव्यांत जठराचे अस्तर नसतेच. उरलेल्या ९८० मुलांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९ जणांत फसवा ठिपका दिसेल. तपासणी तीच, यंत्र तेच, पण ठिपक्याचा भरवसा पार ढासळला. चित्र वाचण्याआधी मुलाची हकिगत नीट विचारावी लागते, ती याचसाठी.

शिक्षकांनी काय करावे?

निदान करणे हे शिक्षकांचे काम नाही, पण मूल दिवसाचा मोठा भाग आपल्या नजरेसमोर असते. एखादे मूल अचानक फिकट दिसू लागले, जिना चढताना धापा टाकू लागले, उभे राहताच त्याला भोवळ आली, तर त्याला आणि घरच्यांना मलाच्या रंगाविषयी संकोच न बाळगता विचारावे. शाळेतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो आणि बीट खाल्ल्याने तो लालसर दिसू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे. मात्र ‘बीटच असेल’ असे परस्पर ठरवू नये. तान्हे किंवा लहान मूल मधूनमधून कळवळून रडत असेल, पाय पोटाशी घेत असेल आणि जेलीसारखे लाल रक्त जात असेल, तर आतड्यात आतडे शिरल्याची शक्यता असते. ते सोनोग्राफीत वर्तुळात वर्तुळ असे स्पष्ट दिसते. तेथे तासांचाही उशीर परवडत नाही.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग सुचवतो. एकाच प्रकारची ६४ नाणी उडवावीत आणि छाप पडलेली बाजूला काढावीत. उरलेली पुन्हा उडवावीत. प्रत्येक खेप म्हणजे ६ तास. चार खेपांनंतर, म्हणजे २४ तासांनी, चारच्या आसपास नाणी उरतात. कोणते नाणे कधी बाद होईल हे सांगता येत नाही, तरी एकूण संख्या मात्र नियमाने घटते. दुसरा प्रयोग अंधाऱ्या खोलीत करावा. विजेरीच्या दोन लहान दिव्यांपासून काही अंतरावर बटर पेपर धरावा. प्रकाश सर्वत्र पसरलेला दिसेल. आता मध्ये शीतपेयाच्या नळ्यांची काळ्या कागदात गुंडाळलेली जुडी कागदाला भिडवून धरावी. दिव्यांच्या जागी दोन वेगळे ठिपके दिसू लागतील. गॅमा कॅमेऱ्याची जाळी हेच काम करते. तिरपे किरण अडवल्यामुळे बराचसा प्रकाश वाया जातो, पण उरलेला कोठून आला ते कळते.